‘बाई, मग रश्दीही वाचणार का?’

मोहल्ल्यातल्या आमच्या वाचन गटात सध्या बंदी आलेली, वादात सापडलेली पुस्तकं वाचतोय. रविवारी असरच्या नमाजनंतर दहा-बारा जण जमतात, निम्म्या बायका. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते, म्हणून पुस्तकं निवडायचं काम माझ्याकडे आलं. त्यासोबत बोलणी खायचंही.

कादंबऱ्या वाचायचं ठरलं होतं, पण सुरुवात केली ‘अंगारे’ या कथासंग्रहाने. १९३२ साली लखनौहून निघालेलं उर्दू पुस्तक, चार तरुण लेखकांचं. आपल्याच लोकांनी गदारोळ केला आणि १९३३च्या मार्चमध्ये इंग्रज सरकारने ते जप्त केलं. त्यात डॉ. रशीद जहाँ यांची ‘दिल्ली की सैर’ आहे, जेमतेम तीन पानांची. नवरा बुरख्यातल्या बायकोला दिल्ली स्टेशनवर सामानापाशी बसवतो आणि मित्राबरोबर निघून जातो. तिने पाहिलेली दिल्ली एवढीच. मी वाचून दाखवली तेव्हा एक खाला म्हणाल्या, “हे तर आमचं मनमाड जंक्शन!” मग त्यांनी स्वतःची जी हकिगत सांगितली ती इथे लिहिणार नाही.

त्या संग्रहात बोचणाऱ्या कथाही आहेत. सज्जाद जहीर यांच्या वाचताना मीही अडखळले. पण बंदी सगळ्या पुस्तकावर आली, स्टेशनवरच्या त्या बाईसकट.

पुढे चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ झाली. १९६२च्या ‘रंभा’ दिवाळी अंकातली ही कादंबरी अश्लीलतेच्या आरोपावरून थेट सर्वोच्च न्यायालयात गेली आणि १९६९ साली सुटली. न्यायमूर्तींना मराठी येत नव्हतं, त्यांनी भाषांतर मागवून वाचलं. आपल्याकडे मराठी येणारेही तेवढे कष्ट घेत नाहीत.

मग आली रोहिंटन मिस्त्री यांची ‘सच अ लाँग जर्नी’. २०१० साली शिवसेनेच्या विद्यार्थी संघटनेने प्रती जाळल्या आणि मुंबई विद्यापीठाने ती अभ्यासक्रमातून काढली. यावर सगळ्यांचं लगेच एकमत! झुंडशाही, दुसरं काय. तेवढ्यात कोपऱ्यातले एक निवृत्त चाचा शांतपणे म्हणाले, “बाई, मग रश्दीही वाचणार का?”

खोलीत पंख्याचा आवाज ऐकू येऊ लागला.

मी ते पुस्तक वाचलेलं नाही, आणि तसं सांगितलं. विचारलं तर कळलं, कोणीच वाचलेलं नाही. १९८८ साली त्याच्या आयातीवर बंदी आली. २०२४ साली दिल्ली उच्च न्यायालयात सरकारला ती अधिसूचनाच दाखवता आली नाही. रसूलविषयी आपल्या मनात जे आहे ते मी हलकं लेखत नाही. माझ्याही मनात तेच आहे. त्यामुळे दुखावणं खोटं आहे, असं मी म्हणणार नाही. पण मिस्त्रींची पानं न वाचता जाळणाऱ्याला ज्या मापाने मोजलं, ते माप घरी आल्यावर बदलता येत नाही. ज्याला वाचायचं नाही त्याने वाचू नये. दुसऱ्याच्या हातातून पुस्तक काढून घेण्याचा हक्क मात्र त्यातून मिळत नाही.

गटात मी ते ठेवणार का? सध्या नाही. कारण भीती वाटते. शाळेत उद्या कोण काय विचारेल, मुलींना गटात पाठवणं कोण बंद करेल. हे चाचांना जसंच्या तसं सांगितलं. ते म्हणाले, “ठीक है, बेटी. आधी मिस्त्री तर पूर्ण करू.”

इंग्रजी प्रत एकच आहे. सहावीस पानं झालीत. मी वाचते आणि तिथल्या तिथे मराठीत सांगते. अडले की एक बारावीची मुलगी शब्द पुरवते.