नर मोजून बाग वाचत नाही

सापळा पतंगांनी भरला की शेतकऱ्याला बरं वाटतं. शेतात कापूस असो की फांदीवर सफरचंद, चिकट पत्र्यावरचे नर दाखवून ‘बघा, एवढे मारले’ म्हणणारे विक्रेते सगळीकडे सारखेच. हा हिशेब चुकीचा आहे. एक नर अनेक माद्यांना पुरतो. शंभरातले ऐंशी उचलले तरी उरलेले वीस माद्यांना वांझ राहू देत नाहीत. मादीच्या गंधाने नरांना ओढणारा हा कामगंध सापळा खबऱ्या आहे. त्याला शिपाई समजण्याची चूक महाग पडते.

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात त्या देशातली बहुतांश सेंद्रिय सफरचंदं पिकतात. तिथला शत्रू कॉडलिंग मॉथ. (भारतात तो लडाखपुरताच आहे.) सेंटीमीटरभर लांबीचा राखाडी पतंग, पंखांच्या टोकाला तांब्यासारखा डाग. अळी फळात शिरून थेट बिया गाठते, बाहेर दिसतो तो फक्त विष्ठेचा भुसा.

तिथले सेंद्रिय बागायतदार १९९० च्या दशकापासून मादीच्या कृत्रिम गंधाच्या नळ्या फांद्यांना बांधतात. नराला मादी सापडत नाही, मिलन टळतं. उत्तम उपाय! पण तो बागेच्या आतल्या मादीपुरता. शेजारच्या बेवारस झाडावर किंवा रिकाम्या खोक्यांच्या थप्पीजवळ जिचं मिलन उरकलं, ती संध्याकाळी कुंपण ओलांडून येते आणि अंडी घालते. तिला गंधाचं काय? म्हणूनच लहान बागेत, साधारण दहा एकरांच्या आत, ही पद्धत कडेच्या ओळींत तोकडी पडते.

तिच्यासाठी वेगळं आमिष लागतं. २००१ मध्ये अमेरिकी कृषी खात्याच्या शास्त्रज्ञांनी पिकल्या नाशपातीतला एक गंध प्रसिद्ध केला. त्याला नर येतात आणि माद्याही. पुढे त्याच्या जोडीला ॲसिटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरचा आंबट भाग, ठेवला तेव्हा माद्यांची संख्या आणखी वाढली.

यावर आक्षेप ठरलेला: ‘सापळ्यात येते ती अंडी घालून झालेली थकलेली मादी. उपयोग काय?’ पोट फाडून पाहिलं तर उत्तर मिळतं. मिलन झालेल्या मादीच्या पोटात नराने दिलेली शुक्राणूंची पिशवी सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. नसेल तर ती कुमारी. या सापळ्यांत दोन्ही प्रकारच्या सापडतात. शिवाय मादी सगळी अंडी एका रात्रीत टाकत नाही, दिवसेंदिवस पानापानांवर, फळांवर एकेक ठेवत जाते. अर्ध्या वाटेवर अडकली तरी उरलेली अंडी टळली. दुसरा आक्षेप आकड्याचा: माद्या फार थोड्या येतात. येऊ देत! दहा नर गेले तरी फळाला फरक पडत नाही, एक मादी गेली तर पडतो.

एक उणीव मात्र खरी आहे. पांढऱ्या सापळ्यांत मधमाश्या अडकतात. फुलोऱ्यात केशरी किंवा हिरवे लावावेत. आणि ज्या बागेत कीड आधीच बोकाळली आहे तिथे सापळ्यांनी काही व्हायचं नाही. तिथे सालीखालचे कोष काढणं, किडकी फळं वेचणं आणि अळीला मारणाऱ्या विषाणूची फवारणी याला पर्याय नाही.

तेव्हा माझं मत असं: गंधाच्या नळ्या असूनही कडेच्या ओळींत किडकी फळं मिळत असतील, तर मादीचे सापळे तिथेच, कुंपणाला लागून, दाट लावा. मधल्या ओळींतले नर मोजत बसण्यावर पैसे घालवू नका.