अश्वबल : परीक्षेचा विषय, औषधाचा नव्हे

शालिहोत्र, नकुल आणि जयदत्त यांची नावे अभिमानाने घेणाऱ्या आपल्या वैद्यवर्गाने शर्यतीच्या अश्वाकडे मात्र फारसे लक्ष दिलेले नाही. मुंबईत महालक्ष्मीच्या मैदानावर हिवाळ्यात आणि पुण्यात पावसाळ्यात शर्यतींचा हंगाम असतो. अशा काळात घोड्यासाठी ‘ताकदीचे’ चूर्ण मागणारा ग्राहक एखाद्या औषधालयाच्या दारी येणे अशक्य नाही. त्याला काय उत्तर द्यावे, याचा विचार आधीच झालेला बरा. प्रस्तुत लेखकाचे मत असे की, धावण्याची सिद्धता परीक्षेने ओळखावयाची असते. शर्यतीच्या तोंडावर ती औषधाने निर्माण करता येत नाही.

चरकाचार्यांनी विमानस्थानात सांगितलेल्या दशविध परीक्ष्य भावांत सार, संहनन, आहारशक्ती व व्यायामशक्ती यांचा समावेश आहे. जाणते प्रशिक्षक अश्वाच्या ठिकाणी नेमके हेच पाहतात. अंगावरील तुळतुळीत तकाकी, मागील पुठ्ठ्यांचे भरीव मांस, शेवटच्या बरगड्यांची पुसट रेषा ही सार-संहननाची चिन्हे होत. कसून दौड झाल्यानंतर घोड्याने दाणा मागे ठेवला, तर आहारशक्ती खालावल्याची ती पहिली सूचना समजावी. जपानमध्ये प्रत्येक घोड्याचे वजन मागील शर्यतीच्या तुलनेसह शर्यतीपूर्वी जाहीर केले जाते, त्यामागेही हाच विचार आहे.

व्यायामशक्ती तर कर्मावरूनच कळते. निरोगी घोड्याची विश्रांतीतील नाडी मिनिटास सुमारे २८ ते ४४ असते. भरधाव दौडीत ती २०० च्या पुढे जाते. ती किती चढली यापेक्षा किती लवकर उतरली, हे अधिक महत्त्वाचे. घोडा केवळ नाकाने श्वास घेतो आणि भरधाव असताना प्रत्येक झेपेस एक श्वास घेतो. म्हणून श्वासमार्गातील लहानसा दोषही गतीवर परिणाम करतो. पायांच्या कंडरांवर रोज सकाळी हात फिरवावा. तेथील किंचित उष्णता वा शोथ भावी दुखापतीची पूर्वसूचना असू शकते. दमट हवेत काही घोड्यांचा घाम थांबतो. अंग तापलेले आणि त्वचा कोरडी, ही अवस्था गंभीर मानावी.

मनुष्यासाठी शास्त्राने अर्धशक्तीपर्यंतच व्यायाम सांगितला. शर्यतीचा दिवस मात्र पूर्ण शक्तीचा असतो. त्यामुळे तो एक दिवस साधण्यासाठी आधीचे अनेक आठवडे क्रमाने वाढविलेला व्यायाम आणि पुरेशी विश्रांती लागते. हा क्रम चुकला असता कोणताही बल्य कल्प तो भरून काढीत नाही.

आता औषधालयचालकांसाठी एक स्पष्ट इशारा. कुपीलूमध्ये स्ट्रिक्नीन, धोत्र्यात ॲट्रोपीन, सोमकल्पात इफेड्रीन, तर अहिफेनात मॉर्फीन असते. ही द्रव्ये शर्यतीच्या नमुन्यात आढळल्यास घोडा बाद होऊ शकतो. शोधनाने विषाची तीव्रता घटते, परंतु द्रव्य निःशेष होत नाही. आणि प्रयोगशाळा शोधन झाले होते काय, हे विचारीत नाही. सोमल, हरताळ, मनःशिळायुक्त कल्पांबाबतही सावध राहावे, कारण मूत्रातील आर्सेनिकची आंतरराष्ट्रीय मर्यादा प्रति मिलिलिटर केवळ ०.३ मायक्रोग्रॅम आहे. ‘वनस्पतिजन्य’ हा शब्द येथे संरक्षण देत नाही.

नियमभंगाहून मोठा प्रश्न प्राण्याच्या जिवाचा आहे. वेदना हे घोड्याचे एकमेव निवेदन होय. वेदनाशामक देऊन ते निवेदन दाबले, तर दुखावलेल्या पायावर तो पूर्ण वेगाने धावतो, आणि मोडलेले हाड बहुधा त्याचा प्राणच घेते. सोबत स्वाराचा जीवही धोक्यात येतो.

म्हणून नम्र सूचना अशी : शर्यतीच्या घोड्यासाठी कोणताही कल्प संपूर्ण घटकयादीशिवाय देऊ नये, पशुवैद्यकाची लेखी संमती पाहावी, शर्यत जवळ आली असल्यास नकार द्यावा. ग्राहक गमावला तरी चालेल. ज्या प्राण्याला आपली व्यथा सांगता येत नाही, त्याच्या बाबतीत वैद्याचा नकार हीदेखील चिकित्साच होय.