शिवरायांची ‘सही’ असलेलं पत्र तुम्हालाही आलंय? फॉरवर्ड करण्याआधी हे वाचा

१९ फेब्रुवारी जवळ आली की व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्रामवर पिवळट कागदांचे फोटो फिरू लागतात. वर मोडी अक्षरं, खाली झोकदार सही आणि सोबत ओळ, ‘महाराजांच्या सहीचं मूळ पत्र.’

अडचण अशी की, महाराजांच्या आज्ञापत्रांवर सही करायची पद्धतच नव्हती. मग पत्र खरं कशावरून ठरायचं?

सही नाही, शिक्का

मजकूर कारकून लिहायचे. पत्राच्या माथ्यावर अष्टकोनी राजमुद्रा उमटायची आणि शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ हा छोटा शिक्का. त्यालाच मोर्तब म्हणतात. अर्थ सरळ आहे, मजकूर इथे संपला. त्याखाली कुणी ओळ घुसडली, तर ती उघडी पडणार. आपण आजही ‘शिक्कामोर्तब झालं’ म्हणतो, ते यावरूनच.

‘भाजीचा देठ’ नक्की कुणासाठी?

रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका, ही ताकीद सैनिकांना दिली होती असं अनेक पोस्ट सांगतात. प्रत्यक्षात देठाचा उल्लेख १६७६ च्या पत्रात आहे आणि ते पत्र आहे रामाजी अनंत यांना. ते प्रभावळीचे सुभेदार, म्हणजे मुलकी अधिकारी. प्रभावळी म्हणजे आजच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या लांजा तालुक्यातली प्रभानवल्ली.

त्या पत्रात आणखी बरंच आहे. गावोगाव फिरा, कुणब्यांना गोळा करा. ज्याच्याकडे बैल किंवा बियाणं नाही, त्याला त्यासाठी पैसा आणि धान्य द्या. वसुली फक्त मुद्दलाची, तीही त्याला झेपेल तशी हळूहळू. थोडक्यात, साडेतीनशे वर्षांपूर्वीचं बिनव्याजी शेतीकर्ज!

सैन्याला बजावणारं पत्र वेगळं आहे. तेही याच जिल्ह्यातलं, चिपळूणजवळच्या छावणीला १६७० च्या दशकात लिहिलेलं. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणागोटा आताच उधळलात, तर पुढे घोडी उपाशी मरतील आणि तुम्ही रयतेला लुबाडायला लागाल, असं त्यात सुनावलंय. लागेल ते बाजारातून विकत आणा, असा हुकूम आहे. रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर पेटती वात पळवेल आणि गवताच्या गंजी पेटतील, इथपर्यंत बारकावा आहे.

फरक पडतो का?

पडतो. सुभेदाराचं नाव गळलं की बिनव्याजी कर्जाची गोष्टही गळते. उरतं एक सुंदर वाक्य. ते कुणालाही लागू होतं, म्हणून त्याचा जाब कुणालाच द्यावा लागत नाही. मूळ पत्रात मात्र काम नेमून दिलेला एक अधिकारी समोर आहे.

फॉरवर्ड करण्याआधी तीन प्रश्न

१. पत्र कुणाला लिहिलंय? फक्त सुविचार असेल, तर थांबा.
२. शिक्का आणि मोर्तब आहे का? फक्त सही दिसत असेल, तर संशय घ्या.
३. ते छापील साधनांत सापडतं का? ‘शिवकालीन पत्रसार संग्रह’ किंवा राजवाड्यांचे ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे खंड बघा. १९१० मध्ये स्थापन झालेलं पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळही आहेच.

जुलै २०२५ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातला सुवर्णदुर्ग इतर ११ किल्ल्यांसोबत युनेस्कोच्या यादीत गेला. किल्ल्यावर कुणी खोटा बुरूज बांधला, तर आपण गप्प बसणार नाही. मग खोट्या सहीलाही तोच नियम लावूया.