शुद्धलेखन आणि सौजन्य

शुद्ध लिहिणे हे सुशिक्षिताचे भूषण होय, याविषयी दुमत नाही. परंतु दुसऱ्याची अशुद्धे चारचौघांत दाखविणे हेही सुशिक्षितपणाचेच लक्षण होय, असा जो समज विद्यार्थिवर्गात बळावत आहे, तो आम्हांस मान्य नाही.

भित्तिपत्रकावर चर्चा चालते. कोणी लिहितो की, नळ गळतो, तो दुरुस्त व्हावा. लिहिताना त्याच्या हातून 'दुरूस्त' असे पडते. लागलीच दुसरा त्याखाली तांबडी रेघ ओढून थट्टा लिहितो. तिसरा तीस दुजोरा देतो. एका उकारावर पांडित्य खर्ची पडते आणि नळ मात्र गळतच राहतो!

ऱ्हस्वदीर्घाचे नियम आवश्यक खरे, परंतु ते काही अनादि नव्हेत. मोडी लिपीत इकार-उकारांचा हा भेद पाळीत नसत. तरीही शतकानुशतके राज्यकारभार तीत चालला. मराठी साहित्य महामंडळाचे नियम शासनाने १९६२ साली मान्य केले, त्यांत १९७२ साली आणखी चारांची भर पडली. त्यापूर्वी शाळा शिकलेल्या आजोबांनी 'कवि' असे लिहिले, तर ते त्यांच्या काळी शुद्धच होते. आज आपण 'कवी' लिहितो. बहिणाबाई चौधरी यांस तर अक्षरओळखही नव्हती. परंतु १९५२ साली, त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झालेली त्यांची गाणी आज विद्वानही आदराने वाचतात. तेव्हा लेखणी चुकली म्हणजे बुद्धी चुकली, असे कदापि नव्हे.

मग चुका तशाच राहू द्याव्यात काय? मुळीच नाही. 'दिन' म्हणजे दिवस व 'दीन' म्हणजे गरीब. जेथे असा अर्थ पालटतो, तेथे अवश्य विचारावे. छापावयाचा मजकूर तर काटेकोरपणे तपासावा. परंतु चर्चेत आधी मुद्द्यास उत्तर द्यावे, आणि चूक मागाहून एकांतात, दोन शब्दांत सांगावी. ज्यास ती सांगितली, त्यानेही राग न मानता आभार मानावेत.

विद्यार्थिमित्रहो, ज्या घरात विद्येचा दिवा प्रथमच लागला आहे, त्या घरचे मूल एकदा हसण्याचा विषय झाले, की पुन्हा लेखणी उचलण्यास कचरते. त्याच्यापाशी सांगण्याजोगे जे होते, त्यास आपण सर्वच मुकतो. हे नुकसान एखाद्या वेलांटीहून फार मोठे आहे.

पालकांसही आमची एक विनंती आहे. चुका होतील या संकोचाने कित्येक जण शाळेस चिठ्ठी लिहिण्याचे टाळतात. त्यांनी निःशंकपणे लिहावे. ती चिठ्ठी आम्ही आपल्या पाल्याच्या हितासाठी वाचतो, गुण देण्यासाठी नव्हे.