पहिली गाडी कुणाची?

हेवी लायसन हातात पडलं की नेसरी-गडहिंग्लज-चंदगड पट्ट्यातल्या पोराला सगळे एकच विचारतात, "किती देतोय मालक?" घरचे विचारतात, मित्र विचारतात, स्थळ बघायला आलेले पाहुणेही विचारतात. हा आकडा फसवा असतो. पगार किती यापेक्षा तो कशावर मोजला जातो, हे आधी बघायला हवं. पोरगा पुढं कसला ड्रायव्हर होणार, हे बऱ्याच अंशी तिथंच ठरतं.

जड वाहनाचं लायसन विसाव्या वर्षाआधी मिळत नाही आणि त्यासाठी हलक्या वाहनाचं लायसन किमान वर्षभर जुनं असावं लागतं. ते वर्ष बहुतेक पोरं पिकअप नाहीतर छोटा हत्ती चालवत काढतात. साडेसात टनांपर्यंतची मालवाहू गाडी हलक्या लायसनवर चालते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं नोव्हेंबर 2024 मध्ये कायम केलं, त्यामुळं तेवढी वाट सोपी झाली. अडचण पुढं आहे. भरलेल्या दहाचाकीचं कायदेशीर वजन साडेअठ्ठावीस टन. पिकअपवरून थेट तिच्यावर बसणाऱ्याला मध्ये शिकवणारं कुणी उरलेलं नाही. पूर्वी पोरगा क्लीनर म्हणून दोन-चार वर्षं उस्तादाशेजारी बसायचा; टायर ठोकून बघायचा, ताडपत्री बांधायचा, घाटात कुठला गिअर कुठं टाकला हे बघत राहायचा. आता क्लीनरचा खर्च परवडत नाही म्हणून अनेक मालक एकट्या ड्रायव्हरच्या हातात गाडी देतात. म्हणजे पहिला मालक हीच त्याची शाळा.

आपल्याकडं ही शाळा बऱ्याचदा ऊस हंगामात सुरू होते. हरळी, हलकर्णीचे कारखाने पेटले की ड्रायव्हरांची ओढाताण होते आणि नवख्यालाही गाडी मिळते. पैसे खेपेवर. पण खेपा किती होणार हे ड्रायव्हरच्या हातात नसतं. फडात टोळी उशिरा भरते, कारखान्याच्या यार्डात गाड्यांची रांग, मग काटा, मग गव्हाण, मग रिकाम्या गाडीचं वजन. रांगेत गेलेले आठ तास कुणीच भरून देत नाही. ते भरून काढायची एकच जागा उरते, रस्ता. पहाटे तीनला मागचा लाल दिवा नसलेल्या दोन ट्रॉल्यांच्या मागून ओव्हरटेक मारणारा पोरगा उर्मट असतोच असं नाही. तो रांगेत गेलेला वेळ वसूल करत असतो. तेच वजनाचं. टनावर पैसे ठरले की गाडीत जास्त टन बसतात. जादा वजनाला दंड वीस हजार, वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार. कायदा चालवणाऱ्याला धरतो तसा चालवायला लावणाऱ्यालाही धरतो. पण रस्त्यावर सापडतो तो चालवणारा. त्यातून कुणाचा जीव गेला तर निष्काळजीपणाचा गुन्हाही आधी त्याच्याच नावावर लागतो, भारतीय न्याय संहितेप्रमाणे पाच वर्षांपर्यंत कैदेचा.

या सगळ्यापेक्षा घातक मला वाटते ती 'ॲव्हरेज'ची बोली. मालक सांगतो, लिटरला इतके किलोमीटर पडलेच पाहिजेत. कमी पडले तर पगारातून, वाचलं तर डिझेल तुझं. बोली न्याय्य वाटते, मेहनतीला बक्षीस असल्यासारखी. प्रत्यक्षात ती नवख्याला उतारावर गाडी न्यूट्रल करायला शिकवते, पुढं इंजिनच बंद करायला. पुणे-कोल्हापूर येजा करणाऱ्याला कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार वेगळा सांगायला नको. 20 नोव्हेंबर 2022 च्या रात्री तिथं एका मालट्रकनं जवळपास पन्नास गाड्यांना उडवलं. पहिल्यांदा सगळे म्हणाले ब्रेक फेल. पोलिसांच्या तपासात पुढं आलं ते वेगळंच: डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद केलं होतं.

जड गाडीचे ब्रेक हवेवर चालतात आणि हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनवर. इंजिन बंद केलं की टाकीतली हवा प्रत्येक ब्रेकला उतरत जाते, नवी भरत नाही. पॉवर स्टिअरिंग दगड होतं. गिअरनं गाडी आवरायची सोय तर न्यूट्रल केलं तेव्हाच गेलेली असते. गंमत अशी की आजच्या इलेक्ट्रॉनिक पंपाच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून एक्सलरेटरवरचा पाय काढला की डिझेलचा पुरवठा जवळजवळ थांबतो. उलट न्यूट्रलवर इंजिन चालू राहायला डिझेल खातं. म्हणजे न्यूट्रलनं वाचत काहीच नाही. हे नव्या ड्रायव्हरला पहिल्याच दिवशी सांगणारा मालक भेटला तर दोन हजार कमी घेऊन त्याच्याकडं राहावं. मी तरी माझ्या घरच्या पोराला हेच सांगेन.

एक गोष्ट खास आपल्या भागाची. नेसरीच्या खिंडीत फेब्रुवारी 1674 मध्ये प्रतापराव गुजरांसह सात जण बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले. त्यांचं स्मारक बघत वाढलेल्या पोराला "भितोस काय रे?" एवढं म्हटलं की पुरे, गुळगुळीत टायरची गाडीसुद्धा तो आंबोली घाटात घालतो. काही गाडीमालकांना हे पक्कं ठाऊक असतं.

दुसरा सापळा उचलीचा. सुरुवातीलाच लाखभर रुपये घरी पोहोचतात, बहिणीचं लग्न किंवा घराचा स्लॅब पार पडतो, आणि पोरगा बांधला जातो. मग टायर खराब असला तरी गाडी सोडता येत नाही, कारण आधी उचल फेडायची असते. याचाच थोरला भाऊ म्हणजे "हप्ते तू भर, फिटले की गाडी तुझ्या नावावर." अमेरिकेतल्या मोठमोठ्या ट्रक कंपन्यांनी नव्या ड्रायव्हरांना हीच गोळी दिली. शिकण्याच्या काळात नगण्य पैसे, मग कंपनीचीच गाडी भाडेकरारानं, आणि हप्ते वजा जाता हातात जेमतेम काही. असा एक वाद 2019 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तिथं निदान कागद होते, म्हणून न्यायालयात जाता आलं. आपल्याकडं ही बोली चहाच्या टपरीवर होते.

तासांचा हिशेब तर कुणी विचारतच नाही. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानं दिवसाला आठ, आठवड्याला 48 तास आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती घालून दिली होती. लांब पल्ल्याला दिवसाला दहा तासांपर्यंत सवलत. कोल्हापूर ते बेंगळुरू साधारण सहाशे किलोमीटर. भरलेल्या गाडीला ताशी चाळीसची सरासरी धरली तरी पंधरा तास. "सकाळी पार्टीकडं माल पोचला पाहिजे" म्हणत एकट्याला धाडणारा मालक काय मागतोय, हे पोरानं स्वतःच भागाकार करून बघावं. रिव्हिगो नावाच्या कंपनीनं मध्यंतरी चार-पाच तासांवर ड्रायव्हर बदलत गाडी पुढं नेण्याची रीत चालवून दाखवली. ड्रायव्हर त्याच दिवशी घरी. ती फार पसरली नाही. कारण देशातले बहुसंख्य ट्रक एक-दोन-चार गाड्यांच्या मालकांचे आहेत, आणि दोन गाड्यांत साखळी जुळत नाही.

म्हणून लहान मालक वाईट आणि मोठी कंपनी चांगली, असं मात्र नाही. स्वतः पंधरा-वीस वर्षं स्टिअरिंग धरलेला, दोनच गाड्यांचा मालक हा उत्तम गुरू असू शकतो. पहिल्या महिन्यात तो शेजारी बसतो की नाही, यावरून ते कळतं. कंपनीत पगार कमी वाटतो, पण पासिंग, इन्शुरन्स, परमिट संपलेली गाडी ती सहसा रस्त्यावर काढत नाही. लहान मालकाकडं हे कागद स्वतः उघडून तारखा बघाव्या लागतात.

आणि इथंच आपलं घोडं अडतं. नेसरीत पहिली गाडी बहुधा ओळखीतून मिळते, मामाच्या साडूची नाहीतर भावकीतल्या कुणाची. "पाहुण्याकडं कागद कसा मागायचा?" म्हणून सगळं तोंडी राहतं. अपघात झाला, पोरगा गेला किंवा पाय गेला, की तोच पाहुणा म्हणतो, "तो आमच्याकडं कामाला नव्हताच, सहज गाडी घेऊन गेलेला." 1923 च्या नुकसानभरपाई कायद्यातला हिशेब असा होता: कामावर मृत्यू झाला तर मासिक पगाराच्या निम्म्याला वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्यानं गुणायचं. वीस वर्षांच्या पोरासाठी तो आकडा 224. 2020 मध्ये ठरलेली पंधरा हजारांची पगारमर्यादा धरली तर साडेसात हजार गुणिले 224, म्हणजे 16 लाख 80 हजार. गाडीच्या सक्तीच्या विम्यात पगारी ड्रायव्हरची ही जबाबदारी धरलेली असते, तेव्हा पैसे पाहुण्याच्या खिशातून जायचेही नसतात. फक्त पोरगा पगारी होता हे दाखवावं लागतं. त्यासाठी नेमणूकपत्रासाठी भांडायचीही गरज नाही. पगार रोख न घेता खात्यावर टाकायला सांगावं. महिन्याच्या महिन्याला एकाच नावावरून आलेली रक्कम बँकेच्या पुस्तकात दिसली, की 'सहज घेऊन गेलेला' हे म्हणणं टिकवणं अवघड जातं. आणि खात्याचा नंबर पाठवताना पाहुण्याशी वाईटपणाही घ्यावा लागत नाही.