लॉजच्या रजिस्टरमधला आडनावाचा रकाना

थायलंडच्या ईशान्य भागात, मेकाँग नदीच्या काठावर नोंग खाय नावाचे जिल्ह्याचे गाव आहे. बँकॉकहून रात्रीची रेल्वे पकडली की सकाळी तिथे उतरता येते. नदीच्या पलीकडे लाओस. बँकॉकमधले बौद्ध युवकांचे शिबिर संपले तेव्हा आमच्या हाती तीन दिवस होते आणि खिशात पैसे बेताचेच. म्हणून आम्ही तिघे, दोन मित्र आणि एक मैत्रीण, या गावी गेलो. नदीपासून दोन गल्ल्या आत एक साधे हॉटेल मिळाले. खोलीचे भाडे साडेचारशे बाहत, म्हणजे आपले साधारण अकरा-बाराशे रुपये.

काउंटरवर पन्नाशीच्या बाई होत्या. त्यांनी हात जोडून स्वागत केले, पासपोर्ट मागितले, झेरॉक्स काढली. परदेशी पाहुणा उतरला की २४ तासांच्या आत त्याची माहिती इमिग्रेशन खात्याला कळवणे तिथे कायद्याने बंधनकारक आहे, म्हणून एक फॉर्म भरायला दिला. नाव, आडनाव, देश, पासपोर्ट क्रमांक. आडनावाच्या रकान्याशी आमचा हात थांबला. क्षणभरच. लपवण्यासारखे काही नव्हते, पासपोर्ट तर त्यांच्याच हातात होता. तरी हात थांबला.

बाईंनी फॉर्मकडे नीट पाहिलेही नाही. किल्लीसाठी शंभर बाहत अनामत घेतली आणि भिंतीवरच्या चित्राकडे बोट दाखवले: दुरियन हे फळ खोलीत आणायचे नाही, त्याचा वास जात नाही. त्या हॉटेलात बंदी होती ती एवढीच, एका फळावर.

हात का थांबला, हे या ब्लॉगच्या वाचकांना समजावून सांगायची गरज नाही. तरीही सांगतो, कारण पुढचा सगळा मुद्दा त्यावर उभा आहे.

काही वर्षांपूर्वी एका सर्वेक्षणाच्या कामासाठी आपल्याच राज्यातल्या एका तीर्थक्षेत्राच्या गावी आम्ही मुक्कामाला गेलो होतो. लॉजची खोली फोनवर ठरलेली होती. मॅनेजरने आधार कार्ड हातात घेतले, आडनाव वाचले आणि विचारले, "मूळ गाव कोणते? घर कोणत्या आळीत?" उत्तर ऐकल्यावर म्हणाला, "साहेब, रूम फुल्ल झाल्या." आमच्या मागे उभ्या असलेल्या कुटुंबाला आमच्या डोळ्यांसमोर किल्ली मिळाली. आम्ही बॅगा उचलल्या. पुढच्या लॉजवर रजिस्टरमध्ये फक्त स्वतःचे आणि वडिलांचे नाव लिहिले, आडनाव गाळले. खोली मिळाली. आम्ही झोपलो. तक्रार केली नाही.

१९१७ साली बडोद्यात बाबासाहेबांचे काय झाले, हे आपण 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये वाचले आहे. कोलंबियात शिकून आलेल्या त्या तरुणाला एकाही हिंदू हॉटेलात जागा मिळणार नव्हती. पारशी सराईत पारशी नाव घेऊन राहावे लागले. अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. आपण ही हकीकत दर वर्षी सांगतो, ऐकतो, डोळे पुसतो. पण त्यांना नाव बदलावे लागले तेव्हा त्यांच्या पाठीशी कोणताही कायदा नव्हता. आम्ही आडनाव गाळले तेव्हा त्यांनीच घडवलेले संविधान आमच्या पाठीशी होते. हा फरक आम्हाला नोंग खायच्या काउंटरवर कळला, आणि कळला तेव्हा आनंदापेक्षा शरमच जास्त वाटली.

आता थायलंडबद्दल. तिथे आडनाव ऐकून जात का कळत नाही? याचे एक साधे ऐतिहासिक कारण आहे. १९१३ पर्यंत तिथल्या सामान्य माणसाला आडनावच नव्हते. सहावा राम म्हणजे राजा वजिरावुध याने त्या वर्षी कायदा करून प्रत्येक कुटुंबाला आडनाव घ्यायला लावले, आणि तेही दुसऱ्या कुटुंबापेक्षा वेगळे. आजही माणसाला हाक मारतात ती पहिल्या नावाने, आदराने त्याआधी 'खुन' लावून. आडनावावरून तिथे काहीच कळत नाही असे नाही. सरदार-राजघराण्यांशी नाते सांगणारी आडनावे आहेत, लांबलचक आडनावावरून चिनी वंशही ओळखला जातो. पण धंदा, विटाळ आणि पाणवठा आडनावात बांधलेला नाही. तीन दिवस आम्हाला 'खुन' म्हणून हाक मारली गेली आणि त्यापुढे एकही प्रश्न आला नाही. ज्याला हा प्रश्न आयुष्यात कधी आलाच नाही, त्याला या शांततेची किंमत कळणार नाही.

इथेच आपल्या अनेक प्रवासवर्णनांचा शेवट होतो. "बौद्ध राष्ट्रात जात नाही, बघा बुद्धाचा प्रभाव!" आमचा आक्षेप याच वाक्याला आहे.

हॉटेलच्या दारातच खांबावर एक छोटे देवघर होते. जागेच्या राखणदार आत्म्याचे. त्यापुढे रोज लाल फँटाची बाटली, झाकण उघडून, स्ट्रॉ घालून ठेवलेली असे. काउंटरवर गिऱ्हाइकाला हाताने बोलावणाऱ्या नांग क्वाक देवीची मूर्ती होती. गावाबाहेर साला केओ कू नावाचे शिल्पांचे उद्यान आहे. तिथे सिमेंटच्या अजस्र बुद्धमूर्तींच्या शेजारीच शिव आणि विष्णू उभे आहेत. तिथल्या लोकांना यात काही वावगे वाटत नाही. पण १९५६ साली नागपूरला आपण ज्या बावीस प्रतिज्ञा घेतल्या, त्यांतली एक प्रतिज्ञा बुद्धाला विष्णूचा अवतार मानण्याच्या विरोधात आहे. त्या उद्यानात फोटो काढताना तरी ती आठवायला हवी.

देवघराचे एक वेळ सोडा. खोल्या झाडणाऱ्या बाईंचे ऐका. त्या नदीपलीकडच्या, लाओसच्या. या भागातली इसान बोली आणि लाओ भाषा इतक्या जवळच्या आहेत की मालकीणबाईंशी त्यांचे सहज जमायचे. आमच्याशी मात्र मोबाइलवरच्या भाषांतराने बोलायच्या. सकाळी सहापासून चादरी, संडास, फरशी, सगळे त्यांच्या एकटीवर. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारले, तुम्ही विमानाने आलात का? आम्ही हो म्हटले. त्या हसून काहीतरी बोलल्या आणि स्क्रीनवर अक्षरे उमटली: तुम्ही मागच्या जन्मी पुण्य जास्त केले होते, माझे कमी पडले.

त्या 'बुन' म्हणाल्या होत्या. पालीतले 'पुञ्ञ', आपले 'पुण्य'. शब्दही तोच आणि युक्तिवादही तोच. आमच्या आज्या शेणाच्या पाट्या वाहताना म्हणायच्या, मागच्या जन्माचे भोग. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म'मध्ये मागच्या जन्माच्या कर्माची ही कल्पना का नाकारली? गरिबाच्या हलाखीची जबाबदारी समाजाच्या आणि राज्याच्या डोक्यावरून उतरवून त्या गरिबाच्याच माथी मारायची, एवढाच तिचा उपयोग आहे, हे त्यांनी ओळखले होते म्हणून. जात नसलेल्या देशातही ती कल्पना हेच काम करते, हे त्या दिवशी आम्ही मोबाइलच्या स्क्रीनवर वाचले.

इतिहासही पाहू. सयाममध्ये, म्हणजे आजच्या थायलंडमध्ये, गुलामगिरी पूर्णपणे संपवणारा कायदा आला १९०५ साली, राजा चुलालोंगकोर्नच्या काळात. तोपर्यंत राजे बौद्ध होते, प्रजा बौद्ध होती, आणि विहारांना वाहिलेले दाससुद्धा होते. स्त्रियांचे पाहा. १९२८ मध्ये तिथल्या संघराजांनी स्त्रियांना दीक्षा देण्यावर बंदी घातली. म्हणूनच धम्मनंदा यांना २००३ साली भिक्खुणी होण्यासाठी श्रीलंकेत जावे लागले. वाट पो चाय या विहारात आमच्या मैत्रिणीने दान पुढे केले तेव्हा भन्तेंनी ते हातात घेतले नाही, कापड पसरले आणि त्यावर ठेवायला सांगितले. हा विनयाचा, ब्रह्मचर्याचा नियम आहे, विटाळ नाही, हे आम्हालाही कळते. पण बाहेर आल्यावर ती म्हणाली, "मला वरून पाणी ओतणारा हात आठवला." यावर आमच्याकडे उत्तर नव्हते.

कोणी म्हणेल, हे दोष थायलंडचे, धम्माचा काय संबंध? त्याच्यासाठी श्रीलंकेचे उदाहरण. तिथली उपसंपदेची परंपरा खंडित झाली होती. १७५३ साली सयामहून उपाली नावाचे थेर तिथे गेले आणि त्यांनी ती पुन्हा सुरू केली. म्हणून त्या संघाचे नाव सयाम निकाय. बुद्धाने ज्या नाभिकाला शाक्य राजपुत्रांच्या आधी संघात घेतले, त्याचेही नाव उपालीच. आणि काही वर्षांतच या सयाम निकायाचे दार फक्त गोविगाम या वरच्या जातीपुरते उरले. इतर जातींच्या लोकांना उपसंपदेसाठी ब्रह्मदेशात जावे लागले, त्यातून अमरपुर निकाय उभा राहिला. तेच सूत्र, तेच चीवर, तेच त्रिशरण. जिथे जात होती तिथे संघाने जातीशी जुळवून घेतले. थायलंडमध्ये वर्णव्यवस्था समाजात रुजलीच नव्हती, म्हणून तिथे तसे झाले नाही. जात नष्ट करायची असेल तर तिच्यावर थेट घाव घालावा लागतो, मूर्ती उंच करून ती जात नाही.

हे सगळे आत्ता लिहायचे कारण आहे. आपल्याकडे थायलंडहून बुद्धमूर्ती येतात, धम्म सहली जातात. २०२३ च्या सुरुवातीला थायलंडच्या भिक्खूंनी परभणीहून चैत्यभूमीपर्यंत पदयात्रा केली तेव्हा रस्त्यारस्त्यावर आपली माणसे फुले घेऊन उभी होती. त्या श्रद्धेचा आम्ही अनादर करत नाही. जगातल्या बौद्धांशी नाते जोडायलाच हवे. बाबासाहेबही १९५४ ला रंगूनला आणि १९५६ ला काठमांडूला बौद्ध परिषदांसाठी गेले होते. पण ते प्रश्न घेऊन गेले. भिक्खू हा स्वतःपुरता परिपूर्ण माणूस असावा की समाजसेवक, हा त्यांचा प्रश्न. आपण जाताना रिकामी बॅग घेऊन जातो आणि येताना मूर्ती आणतो. आपल्याकडेही जगाला द्यायला काही आहे, हेच आपण विसरतो.

मग थायलंडहून आणायचे काय? तो रजिस्टर आणायचा, ज्यात आडनावाचा रकाना आहे पण त्याला काही वजन नाही. आणि तो आणायला विमान लागत नाही. संविधानाच्या कलम १५(२) मध्ये दुकाने, उपाहारगृहे यांच्याबरोबर 'हॉटेल' हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे. १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा आहे, १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. बडोद्याच्या त्या बागेत रडत बसलेल्या माणसाने पुढे संविधानात हा शब्द राहील याची काळजी घेतली आणि आम्ही त्याच शब्दासमोर आडनाव गाळून झोपलो.

म्हणून तरुण मित्रमैत्रिणींना दोन गोष्टी सुचवतो. पहिली, पूर्ण नाव लिहा. खोली नाकारली तर कारण लेखी मागा, तारीख, वेळ आणि साक्षीदार नोंदवा, पोलीस ठाण्यात तक्रार द्या आणि ती एकट्याने नको, संघटनेबरोबर द्या. दुसरी जास्त अवघड आहे. आपल्या वस्तीत खोली भाड्याने द्यायची वेळ येते तेव्हा मातंग, चर्मकार किंवा मुस्लीम भाडेकरूला आपण काय विचारतो? लग्न जमवताना पोटजात का काढतो? लॉजचा मॅनेजर आपल्याही घरात राहतो, हे कबूल केल्याशिवाय बाहेरच्या मॅनेजरशी लढता येणार नाही.

शेवटच्या दिवशी पहाटे हॉटेलसमोरून भिक्खूंची रांग भिक्षेला निघाली. मालकीणबाई चपला काढून रस्त्याच्या कडेला बसल्या होत्या, शेजारी त्या लाओसच्या बाई. दोघींच्या हातचा चिकट भात एकाच पात्रात पडला. त्या बाईंचा पगार त्यामुळे वाढला नाही, मागच्या जन्माचा हिशेबही सुटला नाही. पण कोणाच्या हातचे हा प्रश्न कोणाच्या मनात आला नाही. एवढे तिथे आहे, आणि ते थोडे नाही. उरलेले बाबासाहेबांनी आपल्याला दिले आहे.

अनामत परत घेऊन आम्ही निघालो. पुढच्या महिन्यात सर्वेक्षणासाठी पुन्हा त्याच तीर्थक्षेत्राच्या गावी जायचे आहे. खोली त्याच लॉजमध्ये मागणार आहोत, पूर्ण नावाने.

जय भीम! नमो बुद्धाय!