पंचवीस अंश की शून्य?

"बिग-एंडियन मेलंय रे, त्याचं श्राद्ध कशाला घालत बसतोस?" परवा हापिसात एका गोऱ्या सहकाऱ्याने मला ऐकवलं. ऐकवलं अर्थातच इंग्रजीत, पण मतितार्थ हाच. कारण काय, तर त्याने लिहिलेला ड्रायव्हर मी परत पाठवला होता.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आपण 'पंचवीस' म्हणताना पाच आधी उच्चारतो, वीस नंतर. इंग्रज वीस आधी म्हणतो. दोघंही बरोबर. पण ऐकणाऱ्याने आपल्याच सवयीने आकडे मांडले की पंचवीसचे बावन्न होतात. संगणकातही एका बाइटमध्ये न मावणारी संख्या साठवताना मोठा बाइट आधी (बिग-एंडियन) की लहान आधी (लिटल-एंडियन), हा वाद आहे. डॅनी कोहेनने १९८० साली ही नावं गलिव्हरच्या गोष्टीतल्या अंडं फोडण्याच्या भांडणावरून रूढ केली.

आता आमचा ड्रायव्हर. एलएम७५ ही तापमान मोजणारी साधी चिप. ती मोठा बाइट आधी पाठवते. पण एसएमबसच्या नियमाने दोन बाइटांच्या शब्दातला पहिला बाइट लहान समजला जातो. म्हणजे कर्नलचं फंक्शन जी संख्या हातात देतं तिचे बाइट उलटे असतात, मग प्रोसेसर कुठलाही असो. ते नेहमीच, बिनशर्त उलटवायला हवेत. त्यासाठी लिनक्समध्ये 'रीड वर्ड स्वॅप्ड' नावाचं तयार फंक्शन आहे.

आमच्या गड्याने वापरलं 'बीई १६ टू सीपीयू'. लिटल-एंडियन एआरएम बोर्डावर ते झकास चाललं. ग्राहकाच्या जुन्या बिग-एंडियन पॉवरपीसीवर मात्र ते काहीच करत नाही. तिथे २५ अंशांचं वाचन शून्य आलं आणि २५.५ चं उणे १२८! स्कॉटलंडातल्या ब्रेमारचा नीचांकसुद्धा उणे २७.२ आहे हो. उणे १२८ पाहून निदान कुणीतरी हसेल. शून्य जास्त वाईट, कारण ६० अंशांवरही शून्यच दिसतं आणि पंखा बंदच राहतो.

यावर त्याचा इलाज काय? 'इफडेफ'! यंत्र बिग-एंडियन असेल तर असं, नाहीतर तसं. मंडळी, माझा राग इथे आहे. प्रश्नच चुकीच्या माणसाला विचारला जातोय. आपला प्रोसेसर कसा आहे हे विचारायचंच नाही. विचारायचं ते हे: चिपने बाइट कुठल्या क्रमाने दिले, आणि वाटेत कुणी ते आधीच उलटवलेत का? 'रीड-एल' हेही असंच. ते लिटल-एंडियन रजिस्टरातली किंमत प्रोसेसरच्या क्रमात आणूनच देतं. त्यावर पुन्हा 'एलई ३२ टू सीपीयू' लावलं की बिग-एंडियन यंत्रावर केलेलं काम उलटं होतं.

"पण बिग-एंडियन मेलं ना?" ऑक्टोबर २०२५ मध्ये लिनस टोरवाल्ड्सनेही रिस्क-फाइव्हचा बिग-एंडियन अवतार कर्नलमध्ये घ्यायला साफ नकार दिला. मँचेस्टरच्या कोडथिंक कंपनीत त्यावर काम झालं होतं. लिनसचं मला पटतं. नवीन प्रोसेसर कशाला उलटे बनवायचे? पण तो नकार प्रोसेसरपुरता आहे. इंटरनेटची पाकिटं, डिव्हाइस ट्रीमधले आकडे, आमची एलएम७५ या सगळ्यांत मोठा बाइट आजही आधीच येतो. तो कुठे मेलाय?

आणि ही चूक शोधायला पॉवरपीसी लागतच नाही. कर्नलमध्ये 'बीई १६', 'एलई १६' असे वेगळे टाइप आहेत. साध्या संख्येला बिग-एंडियन म्हणून खपवलं की 'स्पार्स' हे तपासनीस लगेच ओरडतं. मिनिटभराचं काम. ते न करता "माझ्याकडे चालतंय" म्हणणं ही माझ्या मते निव्वळ बेपर्वाई.

ड्रायव्हर दुरुस्त झाला. इफडेफ गेलं, एक ओळ उरली. श्राद्ध घालावं लागलं नाही. असो.